डिकीतला डग्गा

सांगलीहून पुण्याला लेकीकडे जाताना पेठनाक्याला हायवे लागला की मी गाणं लावतो. दोन वर्षं माझं एकच रडगाणं होतं. गाडी दारात उभी असताना डग्गा झकास घुमायचा आणि हायवेला वेग घेतला की उरायची नुसती चाट. जणू जोडीतला थोरला भिडू कऱ्हाडलाच उतरून गेला. मग आवाज वाढवायचा. वाढवला की तान सुईसारखी कानात शिरायची, डग्गा मात्र बेपत्ता तो बेपत्ताच. "अहो, बहिरे व्हाल," ही म्हणायची.

म्हणून बासष्टाव्या वर्षी मी गाडीत ॲम्प्लिफायर आणि वूफर बसवून घेतला. सोसायटीत बातमी पसरली तेव्हा शेजारच्या अण्णांनी विचारलं, "आता खालून निळे लाइट कधी लावताय?" त्यांचं तरी काय चुकलं? आमच्याकडे वूफर म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो रात्री अकराला काचा खाली करून चौकातून जाणारा पोरगा, नाहीतर मिरवणुकीतली डॉल्बी. रे डॉल्बी यांनी 1965 मध्ये कंपनी काढली आणि नाव कमावलं ते टेपवरची खरखर कमी करणाऱ्या यंत्रणेमुळे. त्या भल्या माणसाचं नाव आम्ही भिंती हादरवणाऱ्या खोक्यांना देऊन टाकलं! वूफरचीही तीच गत झाली आहे. माझं म्हणणं असं की गाडीत वूफर हवा तो आवाज कमी ठेवता यावा म्हणून.

कानाची एक खोड आहे. खालचे सूर त्याला मुळातच कमी ऐकू येतात, आणि आवाज जितका बारीक ठेवाल तितके ते आधी नाहीसे होतात. त्यात टायर आणि डांबराची घरघर नेमकी त्याच खालच्या पट्ट्यात असते. ती डग्ग्यावर पांघरूण घालते. दाराच्या पातळ पत्र्यात बसवलेले साडेसहा इंची स्पीकर साधारण 80-100 हर्ट्झच्या खाली हात टेकतात. काळी एकमध्ये गाणाऱ्या बुवांच्या तंबोऱ्याचा खर्ज असतो 69 हर्ट्झला. म्हणजे मैफलीचा पायाच दारात अडकलेला. सगळा आवाज चढवला तर वर जातात ते आधीच ऐकू येणारे सूर. वूफरनं कमी पडतंय तेवढंच वाढवलं तर बाकीचं खाली आणता येतं.

मी वीज खात्यात 31 वर्षं काढली, त्यामुळे वॅट म्हटलं की कान टवकारतात. स्टिरिओच्या माहितीपत्रकात '50 गुणिले 4' असं ऐटीत छापलेलं असतं. चालू गाडीत 14 व्होल्ट, स्पीकर 4 ओमचा. या हिशेबात एका स्पीकरला स्वच्छ असे 20 वॅटच्या आसपासच मिळतात. त्यापुढे आवाज फाटतो. पूर्वी टेप उपटून दुसरा बसवता यायचा. आता स्टिरिओच्याच पडद्यावर रिव्हर्स कॅमेरा, त्यालाच स्टिअरिंगवरची बटणं जोडलेली. म्हणून तो जागेवर ठेवायचा, त्याच्या स्पीकरच्या वायरींतून सिग्नल घ्यायचा आणि ॲम्पला द्यायचा. ॲम्प गाडीचे व्होल्ट आधी आत चढवून घेतो, मग ताकद देतो.

दुकानात पोरानं पहिलंच खोकं पुढे केलं. "काका, 2000 वॅट! काचा फुटतील." मला काचा फोडायच्या नव्हत्या. मी ॲम्प उलटा करून फ्यूज पाहिला: 30 अँपिअर. 30 गुणिले 14 म्हणजे 420. आत चारशेवीस येतंय आणि बाहेर दोन हजार जातंय, असं खात्यात कोणी लिहून दिलं असतं तर मी चौकशी लावली असती. आकडाही बघा, काय चपखल निघाला. खोकं घेण्याआधी कुणालाही हा गुणाकार करता येतो, आणि करावा.

मग मी त्याच दुकानातून साधा, खऱ्या आकड्यांचा ॲम्प आणि बंद पेटीतला दहा इंची वूफर घेतला. तबल्याला बंद पेटीच बरी. भोकाची पेटी जास्त गरजते, पण डग्ग्याच्या बोलाला शेपूट लावते. चूक मी पुढे केली. बसवून होईपर्यंत समोरच्या टपरीवर चहा पीत राहिलो.

तिसऱ्या आठवड्यात शिट्टी सुरू झाली. ॲक्सिलरेटर दाबला की चढायची, सोडला की उतरायची. बॉनेट आणि डिकी उघडून बसलो. अर्थिंग रंगवलेल्या बोल्टवर आवळलेलं. रंग खरवडून उघड्या पत्र्यावर घ्यायची तसदी कोणी घेतली नव्हती. बॅटरीची वायर ब्लेडनं खरवडली तर तांब्याच्या मुलाम्याखाली पांढरं ॲल्युमिनियम, जे तांब्याच्या साधारण 60 टक्केच वीज वाहतं. ती वायर रबराशिवाय पत्र्याच्या धारेवर घासत आत गेलेली. आणि बॅटरीपाशी फ्यूजच नाही! शिट्टीचं मला काही वाटलं नाही, पण इथे हात थांबले. ती धार वायरीच्या अंगात उतरली असती तर बॅटरीनं शेकडो अँपिअर त्या एका जागी ओतले असते. अशा गाड्या पेटतात आणि लोक उन्हाळ्याला दोष देतात.

तो फ्यूज बॅटरीपासून 18 इंचांच्या आत हवा. जुन्या मापात बरोबर एक हात. दुसऱ्या इलेक्ट्रिशियनकडून मी सगळं पुन्हा करून घेतलं, या वेळी शेजारी स्टुलावर बसून. वायर, फ्यूज आणि कपलर यांचाच खर्च ॲम्पच्या निम्म्यावर गेला. दुकानाच्या बिलावर वायरीची जात, जाडी आणि फ्यूज लिहिणं सक्तीचं करायला काय हरकत आहे? आणि गाडी कंपन्यांनी स्टिरिओमागे ॲम्पसाठी एक जोडणी दिली तर मूळ वायरी कापायची वेळच येणार नाही.

आता अण्णांच्या टोमण्यामागचा मुद्दा, म्हणजे गोंगाट. सन 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. पण ती 'ए' पट्टीवर मोजतात, आणि ही पट्टी 50 हर्ट्झच्या आवाजातून सुमारे 30 डेसिबल वजा करूनच आकडा दाखवते. खिडकीची तावदानं थरथरतात, आजोबांच्या छातीत धडधडतं, मीटर मात्र समजूतदारपणे मान डोलावतो. चौकातल्या त्या पोरावर राग आहे तेवढाच माझा या मोजपट्टीवरही आहे. खालच्या सुरांसाठी वेगळी पट्टी लावल्याशिवाय ही तक्रार कागदावर कधी सिद्ध होणार नाही.

परवा पुण्याला गेलो तेव्हा खंबाटकीपाशी पहिल्यांदाच विलंबिताचा ठेका सम ते सम ऐकला. पूर्वी पडद्यावर आवाजाचा आकडा 24 असायचा, या वेळी 15 होता. ही शेजारी झोपली होती. परतताना नातू पुढे बसला, त्यानं त्याचं काहीतरी लावलं आणि आकडा 28 वर नेला. मागची नंबरप्लेट खुळखुळायला लागली. रविवारी तिच्यामागे फोमची पट्टी चिकटवायची आहे.