नळीच्या आतला थर

हैदराबादच्या गौलीगुडा भागातील जुन्या बसस्थानकाचा निजामकालीन, जीर्ण झालेला पोलादी सांगाडा ५ जुलै २०१८ रोजी कोसळला. सुदैवाने जीवितहानी टळली. पोलादाचा ऱ्हास बहुधा पृष्ठभागापासून सुरू होतो, हे खाऱ्या वाऱ्यात खिडकीचे गज खंगताना पाहणाऱ्या किनाऱ्यावरील वाचकांस वेगळे सांगावयास नको. परंतु एका वस्तूच्या बाबतीत हेच सत्य जीवनमरणाचा प्रश्न होऊन बसते. ती वस्तू म्हणजे जवानाच्या आणि पोलिसाच्या रायफलीची नळी.

गोळी सुटते त्या क्षणी नळीत वातावरणाच्या सुमारे चार हजार पट दाब निर्माण होतो आणि वायूंचे तापमान पोलादाच्या वितळबिंदूपलीकडे जाते. हा मारा निमिषार्धाचाच. तरी हजारो गोळ्यांनंतर आतील पिळदार खाचा झिजतात आणि नेम ढळतो. यावर दोन उपाय रूढ आहेत. नळीच्या अंतर्भागास कठीण क्रोमियमचा अत्यंत पातळ मुलामा देणे, हा पहिला. अमोनियाच्या वातावरणात पाचशे अंशांच्या आसपास तापवून पोलादात नायट्रोजन मुरविणे, हा दुसरा. मुलाम्याला सूक्ष्म तडे असतात व प्रसंगी तो सुटतो. नायट्रोजन पोलादाचाच भाग होतो, पण अतिउष्णतेपुढे क्रोमियमइतका टिकत नाही.

या थराची उपेक्षा किती महाग पडते, हे व्हिएतनाममध्ये दिसले. अमेरिकेने एम-१६ रायफल क्रोमियमच्या मुलाम्याविनाच रणांगणात धाडली. दमट हवेत काडतूस बसण्याची जागा गंजली. दारूतील बदलाची व साफसफाईच्या साहित्याच्या टंचाईची त्यात भर पडली, काडतुसे अडकली आणि जवान प्राणास मुकले. १९६७ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीने या अनास्थेवर कठोर ताशेरे ओढले. आपल्याकडे २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत काही पोलिसांच्या हाती जुन्या .३०३ रायफलीच होत्या. त्या पिढीच्या नळीला असा थर नसे. तिची सारी भिस्त तेलफडक्यावर.

गौलीगुड्यापासून जवळच फ्रेंच सेनानी रेमों याने निजामासाठी तोफांचा कारखाना उभारला होता. १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईत मराठ्यांसमोर त्याचीच पलटणे उभी होती. पण ती विद्या उसनी होती. १७९८ मध्ये इंग्रजांनी ती पलटणे मोडली आणि निजामाचे स्वतंत्र बळही ओसरले. आज त्याच शहरात संरक्षण धातुविज्ञान संशोधन प्रयोगशाळा आहे, १९७३ मध्ये स्थापन झालेली मिश्र धातु निगम आहे, पृष्ठलेपनावर संशोधन करणारे एआरसीआय केंद्र आहे. रायफलींची जुळणी देशात झाली एवढ्यावर समाधान मानणे म्हणजे रेमोंचाच धडा विसरणे होय. नळीचे पोलाद, आतला थर आणि त्याची कसोटी ही तिन्ही आपली असतील तेव्हाच स्वावलंबन खरे.

आणखी एक कर्तव्य आहे. क्रोमियमच्या मुलाम्यासाठी वापरले जाणारे षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. युरोपने २०१७ पासून त्याच्या वापरावर परवान्याचे बंधन घातले. शत्रूपासून रक्षण करणारे शस्त्र घडविताना कामगाराचा बळी जाता कामा नये. पर्यायी प्रक्रियांना सरकारने प्राधान्य द्यावे.

दसऱ्याला आपण शस्त्रास हळदकुंकू वाहतो. त्या पूजेचा अर्थ नळीच्या बाहेरच्या झळाळीत नाही, डोळ्यांना न दिसणाऱ्या आतल्या थराची काळजी घेण्यात आहे.