आधी ‘मका’ वाचू द्या

यंदा वर्षभर एका गोष्टीने डोकं खाल्लं. पाहुणा घरात टेकला की आईबाप फर्मावतात, “म्हणून दाखव बरं!” आणि पाच वर्षांचं पोर ‘क’पासून ‘ज्ञ’पर्यंत एका दमात म्हणून टाकतं. टाळ्या पडतात. मग कागदावर नुसतं ‘मका’ लिहून पुढे धरा. पोर आढ्याकडे पाहतं. याला आपण वाचन म्हणतो!

ऑक्टोबर २०२४मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. एप्रिल २०२५मध्ये शाळेत पहिलीपासून हिंदी शिकवण्याचा शासन निर्णय आला, आपण तावातावाने भांडलो, २९ जूनला सरकारने माघार घेतली. भांडलो ते बरंच केलं. पण ज्या मराठीसाठी भांडलो, तिचं एक पान तरी घरच्या पोराला कोणी वाचून दाखवलं का?

वाचन शिकवण्याची फलटणला शिक्षणतज्ज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी घालून दिलेली वाट साधी आहे. मोजकी अक्षरं घ्यायची, काना सोबतच शिकवायचा आणि त्यांतून लगेच शब्द वाचायचे. मुळाक्षरांचा क्रम शब्दकोशाला लागतो, पोराला नाही.

सामग्री घरातच पडलेली असते: बियाण्याची पिशवी, लग्नपत्रिका, किराण्याची यादी. पोरांच्या तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी सजवताना आपल्या सिंदी गावात कोणी हात आखडत नाही. मग चित्रांच्या दोन पुस्तकांनाच का आखडावा? रोज दहा मिनिटं पोराला जवळ घ्या, ओळीखाली बोट फिरवत वाचा. ते अडखळलं तर थोडं थांबा, दटावू तर मुळीच नका. आजीला अक्षरओळख नसली तरी बिघडत नाही. तिने “मंग काय झालं?” एवढं विचारलं की पोर पान उलटतंच.

यंदाच्या दिवाळी अंकाचा विषय रेल्वे. आपल्या तर गावाच्या नावातच ती कंसात बसली आहे: सिंदी (रेल्वे). तेव्हा नागपूरला निघालात की पोराच्या हाती मोबाईल देण्याऐवजी त्याला खिडकीशी बसवा आणि स्टेशनांच्या पाट्या वाचू द्या. बोरखेडीतला ‘बो’ पुढे बुटीबोरीत पुन्हा भेटतो. तो पोराला आपणहून सापडू द्या.

अंक हाती आला आहे. राशिभविष्य आणि शब्दकोडं मागाहून. आधी बालविभागातली एक गोष्ट घरच्या पोराला मोठ्याने वाचून दाखवा. तेवढं केलंत तरी अंकाची किंमत वसूल झाली.