सूचनापेटी नको, मताधिकार हवा

संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांच्या एका जागतिक चर्चापीठाविषयी ह्या पृष्ठावर लिहावे, ह्याचे काही वाचकांना आश्चर्य वाटेल. ऊसतोडणी कामगार, धरणग्रस्त, बंद गिरण्यांतील श्रमिक हे आपले विषय. वातानुकूलित कार्यालयात बसणाऱ्या प्रोग्रामरांचे ओझे आपण कशाला वाहावे, असा प्रश्न एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला विचारलाही. प्रश्न अप्रस्तुत नाही. परंतु श्रम कोणाचे, त्या श्रमांतून निर्माण झालेली संपत्ती कोणाची आणि तिच्या कारभारात श्रम करणाऱ्याचा अधिकार किती, हे तीन प्रश्न जेथे एकत्र येतात तेथे समाजवाद्याने लक्ष घातलेच पाहिजे. मग ते श्रम कोयत्याचे असोत की कळफलकावरचे.

‘स्टॅक ओव्हरफ्लो’ हे ते चर्चापीठ. २००८ साली जेफ ॲटवुड आणि जोएल स्पोल्स्की ह्या दोन अमेरिकन प्रोग्रामरांनी ते सुरू केले. पद्धत साधी. काम करताना अडलेल्याने प्रश्न विचारावा, ज्याला ठाऊक असेल त्याने उत्तर लिहावे, आणि वाचणाऱ्यांनी चांगल्या उत्तराला अनुकूल मत देऊन ते वर न्यावे. उत्तराला कोणी पैसे देत नाही. अनुकूल मत मिळाले की लेखकाच्या नावावर दहा गुण जमा होतात, एवढेच. हिंजवडीत नोकरी करणारा माझा एक माजी विद्यार्थी अशी कित्येक शे उत्तरे लिहून बसला आहे. ‘का लिहिलीस?’ असे विचारले तेव्हा तो म्हणाला, “सर, माझी पहिली नोकरी टिकली ती कोणा परक्याच्या उत्तरामुळे. त्याचे उत्तर मीच देणार ना पुढच्याला?” अर्थशास्त्राच्या वर्गात बाजारपेठेबाहेरच्या विनिमयाचे उदाहरण शोधताना माझी नेहमी ओढाताण होई. ते उदाहरण येथे आयते होते. अशा फुकटच्या, परंतु अत्यंत कुशल श्रमांतून दोन कोटींहून अधिक प्रश्न आणि त्यांची उत्तरे जमली. जगातला क्वचितच एखादा प्रोग्रामर असा असेल की ज्याने ह्या भांडारातून काही उचलले नाही.

आता मुद्द्याकडे येतो. हे भांडार अधिक चांगले कसे चालवावे, ह्याविषयी सूचना करण्याकरिता २००९ पासून ‘मेटा’ नावाचे एक स्वतंत्र दालन आहे. तेथे सभासद हजारो सूचना मांडत आले. प्रतिकूल मत देणाऱ्याने कारण लिहिणे सक्तीचे करा. नवागताला पन्नास गुण मिळेपर्यंत इतरांच्या लेखनाखाली साधी टिप्पणीही करता येत नाही, ती अट सैल करा. ‘हा प्रश्न पूर्वी विचारला गेला आहे’ असे सांगून नवा प्रश्न बंद करताना थोडी माणुसकी दाखवा. कालबाह्य झालेली उत्तरे वरच्या जागेवरून हटवा. अशा सूचनांवर कंपनीच्या वतीने शिक्के बसतात : ‘विचाराधीन’, ‘लांबणीवर’, ‘नाकारली’, ‘पूर्ण केली’. आपल्याकडच्या सरकारी कचेरीत अर्ज घेऊन फिरलेल्या माणसाला ह्या शिक्क्यांचे भाषांतर करून सांगायला नको. प्रतिकूल मताचे कारण सक्तीचे करण्याची सूचना पुनःपुन्हा आली आणि पुनःपुन्हा नाकारली गेली. प्रश्नकर्त्याने एकदा स्वीकारलेले उत्तर कायम शिखरावर चिकटून राहते, पुढे त्याहून चांगले उत्तर आले तरी ते खालीच राहते, ही तक्रार कित्येक वर्षांची होती. ती २०२१ मध्ये दूर झाली. हे सगळे निरर्थक होते असे मी म्हणणार नाही. पण सूचनापेटीतून काय बाहेर आले हे मोजत बसण्यापेक्षा, पेटीत काय कधी पडलेच नाही, ते पाहिले पाहिजे.

२०१९ साली मजकुराच्या परवान्याची आवृत्ती बदलताना, जुन्या आवृत्तीखाली लिहिलेल्या उत्तरांनाही नवीच लागू केल्याचे कंपनीने जाहीर केले. लेखकांना विचारले नव्हते. ओरड झाल्यावर पुढल्या वर्षी तारीखवार परवाने मान्य करावे लागले. त्याच २०१९ मध्ये कंपनीच्या भावंड-संकेतस्थळांवरील एका नियामक बाईंना तडकाफडकी पदच्युत करण्यात आले. अनेक नियामकांनी निषेधार्थ राजीनामे दिले, आणि कंपनीला जाहीर क्षमा मागून तडजोड करावी लागली. हे नियामक म्हणजे सभासदांनी मतदानाने निवडलेले, बिनपगारी देखरेख करणारे कार्यकर्ते, हे लक्षात घ्यावे. २०२१ मध्ये तर सगळा पसाराच ‘प्रोसस’ ह्या कंपनीला १८० कोटी डॉलरना विकला गेला. १८० कोटी कशाचे? इमारतींचे नव्हे, यंत्रांचे नव्हे. माझ्या विद्यार्थ्यासारख्या लक्षावधी लोकांनी रात्री जागून लिहिलेल्या उत्तरांनी जो वाचकवर्ग जमला, त्याचे ते मोल होते. त्या रकमेत उत्तरे लिहिणाऱ्यांचा वाटा शून्य.

प्रोसस ही ‘नॅस्पर्स’ ह्या दक्षिण आफ्रिकी उद्योगसमूहाची कंपनी. नॅस्पर्सचा जन्म १९१५ चा, आणि वंशविद्वेषी नॅशनल पार्टीची पाठराखण करणारी वृत्तपत्रे चालविणारी संस्था म्हणून तिचा लौकिक; एरव्ही सांगण्याचे कारण नव्हते, पण भांडवलाची वंशावळ ठाऊक असलेली बरी. ह्याच प्रोससने आपल्याकडच्या ‘स्विगी’मध्येही मोठी गुंतवणूक केलेली आहे. म्हणजे पुण्यात रात्री अकराला संगणकापुढे उत्तर लिहिणारा अभियंता आणि त्याच्या दारात जेवणाचे पुडके घेऊन उभा असलेला दुचाकीस्वार, ह्या दोघांच्याही श्रमांवर एकाच धन्याचा लाभांश पिकतो. त्या दोघांना हे ठाऊक नसते. माझ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर येथेच मिळते.

२०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी हे संभाषणयंत्र अवतरले आणि त्याने लिहिलेली, दिसायला सफाईदार परंतु पुष्कळदा चुकीची उत्तरे ह्या चर्चापीठावर धो धो येऊन पडू लागली. नियामकांनी त्यांवर तात्काळ बंदी घातली. २०२३ च्या मे महिन्यात कंपनीने त्यांचे हात बांधले : यंत्रलिखित असल्याच्या संशयावरून उत्तर काढून टाकण्यास जवळजवळ मनाई करण्यात आली. ५ जून २०२३ रोजी नियामकांनी काम बंद केले. बिनपगारी माणसांचा संप! पगार नाही तर कापणार काय, अशी थट्टाही झाली असेल. परंतु संपाचे मर्म पगारात नसते, उत्पादन थांबविण्याच्या सामर्थ्यात असते, हे ह्या मंडळींनी दाखवून दिले. त्यांच्या मागण्यांत एक फार मोलाची होती. संपूर्ण भांडाराची प्रत दर तिमाहीला सर्वांसाठी खुली करण्याची जुनी प्रथा कंपनीने गाजावाजा न करता बंद केली होती, ती पुन्हा सुरू करावी. ती प्रत म्हणजे सभासदांच्या हातचे अखेरचे शस्त्र. मालक बिघडला तर सगळा ठेवा उचलून दुसरीकडे संसार थाटता येईल, ही शक्यता तिच्यात असते. प्रथा पुन्हा सुरू झाली आणि ऑगस्टमध्ये वाटाघाटीने संप मिटला. वर्षानुवर्षांच्या सूचनांनी जे घडले नाही ते दोन महिन्यांच्या संपाने घडले. मात्र २०२४ मध्ये तीच प्रत कंपनीने आपल्या फाटकाच्या आत नेली. ज्याला ती हवी त्याने तेथे खाते उघडावे आणि अटी मान्य कराव्यात, असे ठरले.

त्या फाटकाचे कारण शोधायला लांब जावे लागत नाही. मे २०२४ मध्ये ‘ओपनएआय’शी करार जाहीर झाला, त्यापूर्वी गूगलशी झालाच होता. ज्ञानभांडार आता यंत्रांच्या शिकवणीसाठी पुरवायचे होते. संतापलेल्या काही सभासदांनी स्वतःच लिहिलेली उत्तरे पुसायला घेतली, तेव्हा ती पूर्ववत करण्यात आली आणि त्या लेखकांची खाती तात्पुरती बंद करण्यात आली. ह्यावर कंपनीच्या समर्थकांचे उत्तर ठरलेले असते : सभासदांनी अटी वाचून, स्वखुशीने मान्य केल्या होत्या, परवानाच असा आहे की दिलेले उत्तर परत घेता येत नाही. कायद्याने हे खरे आहे. किंबहुना उत्तर पुसणे मलाही मान्य नाही. उद्या अडणाऱ्या तिसऱ्याच माणसाचे त्यात नुकसान होते. परंतु ‘स्वखुशीचा करार’ हा युक्तिवाद आपण कोठेतरी ऐकलेला आहे. बारा-बारा तास गिरणीत राबणाऱ्या मजुराविषयीही हेच सांगितले जाई की, त्याला कोणी बांधून आणलेले नाही. शिवाय तो परवाना एकतर्फी नाही. लेखकाचे नाव द्या, आणि त्यावरून जे रचाल तेही त्याच मोकळेपणाने इतरांना द्या, ह्या त्याच्या दोन अटी आहेत. यंत्र जेव्हा शेकडो लेखकांची उत्तरे गिळून एक निनावी उत्तर ओकते तेव्हा ह्या अटींचे काय झाले, हे सांगण्याची घाई समर्थकांना झालेली दिसत नाही.

येथवर वाचून कोणाचा असा समज होईल की एका बाजूला दुष्ट कंपनी आणि दुसऱ्या बाजूला निष्पाप समाज आहे. तसे नाही. ह्या समाजाने स्वतःही एक वतनदारी उभी केली. पंधरा गुण झाल्यावर अनुकूल मत, सव्वाशेला प्रतिकूल, तीन हजारांना इतरांचा प्रश्न बंद करण्याचा अधिकार, अशी ती उतरंड. १९३५ च्या कायद्याखाली मालमत्ता, कर आणि शिक्षण ह्यांच्या अटी पुऱ्या करणाऱ्यालाच मत होते. त्याचीच ही आवृत्ती म्हणावी लागेल. आधी आलेल्यांनी सोप्या प्रश्नांवर गुणांची जमीन धरली, आणि मागून आलेल्याच्या प्रश्नावर ‘हे झालेले आहे’ म्हणून कुंपण घातले. चर्चापीठ नवागतांना आपुलकी दाखवत नाही, ही कबुली २०१८ मध्ये कंपनीलाच जाहीरपणे द्यावी लागली. त्या वेळी पुष्कळ जुन्या सभासदांना सुधारणेपेक्षा त्या कबुलीचाच राग अधिक आला, हे विसरून चालणार नाही.

भाषेचा प्रश्न तर आपल्या दाराशी आहे. प्रश्न इंग्रजीतच असावा, असा नियम २००९ मध्येच पक्का झाला. पुढे पोर्तुगीज, जपानी, रशियन आणि स्पॅनिश भाषांकरिता स्वतंत्र दालने निघाली. एवढे भारतीय सभासद असूनही मराठी सोडा, हिंदीलाही जागा झाली नाही. मराठी माध्यमातून शिकून तालुक्याच्या महाविद्यालयात संगणकशास्त्र घेतलेल्या मुलीने मोडक्या इंग्रजीत विचारलेला प्रश्न ‘अस्पष्ट’ ठरून बंद होतो, तेव्हा तिच्या प्रज्ञेची नव्हे, परभाषेची परीक्षा झालेली असते. ती मुलगी यंत्राकडे वळली तर तिला दोष कसा द्यावा? यंत्र तिच्यावर खेकसत नाही.

परंतु त्यात एक गोष्ट घडते आणि तीच मला सर्वांत गंभीर वाटते. चर्चापीठावर विचारलेला प्रश्न गायरानात लावलेल्या झाडासारखा असतो. दहा वर्षांनंतर कोणा अनोळखी माणसाला त्याची सावली मिळते. यंत्राला विचारलेला प्रश्न मात्र विचारणारा आणि कंपनी ह्यांच्यातच राहतो. ती मुलगी कोठे अडली, कोणते उत्तर चुकले, कोणते लागू पडले, हा सारा अनुभव कंपनीच्या कोठारात जमा होतो, शेजारच्या गावातल्या तशाच मुलीपर्यंत पोहोचत नाही. २०२२ नंतर स्टॅक ओव्हरफ्लोवर येणाऱ्या प्रश्नांची संख्या झपाट्याने कोसळली. गायरानावर आधी सगळ्यांनी झाडे लावली, मग ते गायरान सातबाऱ्यावर एकाच्या नावे चढले, आता तेथे कोणी नवे रोपही लावीत नाही.

मग करावे काय? सूचना आणखी नम्रपणे लिहाव्यात, हे उत्तर मला मान्य नाही. १८४४ साली रॉचडेलच्या विणकरांनी आपल्या दुकानाकरिता जो नियम केला तो ‘एक सभासद, एक मत’ असा होता. भांडवल किती घातले ह्यावर मत ठरत नव्हते. आपल्याकडे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ ह्यांनी प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा केला तो ऊस पिकविणाऱ्यालाच मालक करून. पुढे आपल्या सहकारात सभासद नामधारी आणि संचालक वतनदार कसे झाले हेही मी चाळीस वर्षे पाहत आलो आहे, तेव्हा सहकार हा शब्द उच्चारला की सगळे सुटले, असे मानण्याइतका मी भोळा नाही. पण सहकारी कारखान्याच्या सभासदाला निदान संचालक पाडता तरी येतो. २०१९ च्या प्रकरणानंतर बाहेर पडलेल्यांनी ‘कोडिडॅक्ट’ नावाचे ना-नफा तत्त्वावरचे चर्चापीठ काढले. ते लहान आहे. विकिपीडिया मात्र लहान नाही. तिचा कारभार पाहणाऱ्या प्रतिष्ठानाच्या विश्वस्त मंडळावर लेखक-संपादकांच्या मतांनी ठरणाऱ्या जागा आहेत, आणि तिला कोणी १८० कोटींना विकू शकलेले नाही.

म्हणून मेटावर सूचना लिहिणाऱ्या आपल्याकडच्या तरुण अभियंत्यांना माझे सांगणे असे की, टिप्पणीची अट पन्नासावरून वीसवर आणा, हे जरूर मागा. पण त्याच अर्जात संचालक मंडळावर निवडून दिलेले प्रतिनिधी मागा, यंत्रकंपन्यांशी होणारा प्रत्येक करार सभासदांच्या मताला टाका म्हणा, आणि भांडाराची तिमाही प्रत कोणत्याही फाटकाविना मिळण्याची लेखी हमी मागा. ‘नाकारली’ असा शिक्का बसेल. २०२३ च्या जूनमध्ये ज्यांनी काम थांबवले होते, त्यांना त्यापुढची पायरी ठाऊक आहे.