आपण फक्त रक्ताचे नमुनेच देत राहायचं का?



वस्तीतलं पोरगं किंवा पोरगी एमबीबीएसला लागली की विहाराजवळ बॅनर लागतो, सत्कार होतो आणि भाषणात एकच अपेक्षा असते: डॉक्टर झाल्यावर समाजाला विसरू नको. म्हणजे नेमकं काय कर? दवाखाना टाक, गरिबांकडून फी कमी घे, 14 एप्रिलला मोफत शिबिर घे. या अपेक्षेत वाईट काही नाही, पण ती तोकडी आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे. डॉक्टर औषध लिहून देतो. कोणत्या आजारावर औषध शोधायचं, चाचणी कुणावर घ्यायची, पैसा कुठे घालायचा, हे ठरवणारे लोक वेगळे असतात. त्या टेबलाभोवती आपली माणसं जवळपास नाहीतच.

सिकलसेलचंच बघा. विदर्भात हा आजार आदिवासींच्या आणि आपल्या बौद्ध समाजाच्या घराघरात आहे. एएस कोण, एसएस कोण, हे आपल्याकडे अडाणी आजीलाही कळतं. आई-बाप दोघं एएस असतील तर दर बाळंतपणात मूल एसएस होण्याची शक्यता चारात एक. हाडं फोडणाऱ्या वेदना, वारंवार रक्त चढवणं, बुडालेली शाळा, मोडलेली लग्नं हे सगळं आपण भोगतो.

आता या आजाराचा इतिहास बघा. 1910 साली शिकागोत डॉ. जेम्स हेरिक यांनी त्याचं पहिलं वर्णन छापलं. रुग्ण होता ग्रेनाडा बेटावरून आलेला दंतवैद्यकाचा एक काळा विद्यार्थी. 1949 मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत असल्याचं दाखवलं. पण अमेरिकेत या आजारासाठी पहिलं औषध, हायड्रॉक्सियुरिया, मंजूर झालं 1998 मध्ये. कारण कळल्यावर जवळपास पन्नास वर्षांनी! तिथे सिस्टिक फायब्रोसिस हा मुख्यतः गोऱ्यांचा आजार. सिकलसेलचे रुग्ण त्याच्या सुमारे तिप्पट, तरी दर रुग्णामागे संशोधनाचा पैसा सिस्टिक फायब्रोसिसला कितीतरी जास्त. रोगजंतू आणि जनुकं जात-वंश बघत नसतील, पण संशोधनाचा निधी बघतो.

आपल्याकडे काय झालं? भारतातला सिकलसेल आफ्रिकेतल्यापेक्षा सौम्य असतो, असं बरीच वर्षं मानलं गेलं. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी आपल्या वॉर्डातल्या मुलांची वर्षानुवर्षं नोंद ठेवली आणि विदर्भातला आजार तितका सौम्य नाही, हे दाखवलं. हायड्रॉक्सियुरियाच्या कमी, ठरावीक मात्रेचा या मुलांना फायदा होतो, हेही त्यांनी चाचणी घेऊन सिद्ध केलं. हा प्रश्न बोस्टनच्या प्रयोगशाळेला पडणार नव्हता. तो पडला रुग्णाच्या खाटेजवळ उभ्या असलेल्या आणि संशोधन येत असलेल्या डॉक्टरला.

अशा माणसाला चिकित्सक-शास्त्रज्ञ म्हणतात. सकाळी ओपीडी, दुपारी प्रयोगशाळा. अँथनी ॲलिसन यांनी ऑक्सफर्डमध्ये डॉक्टरेट आणि वैद्यकीय शिक्षण दोन्ही घेतलं. त्यांचं बालपण केनियात गेलं होतं. सिकलसेलचं जनुक मलेरियाच्या पट्ट्यात का टिकलं, हे त्यांनीच 1954 मध्ये मांडलं. एएस माणसाला मलेरियापासून संरक्षण मिळतं, हे आज आपण शिबिरात सांगतो ते त्यांचं काम. आपल्याच देशातले उपेंद्रनाथ ब्रह्मचारी एमडीही होते आणि पीएचडीही. 1920 च्या दशकात त्यांच्या युरिया स्टिबामाईनने बंगाल-आसाममधल्या काळाआजाराच्या असंख्य रुग्णांना वाचवलं.

अमेरिकेने असे लोक नशिबावर सोडले नाहीत. 1964 पासून तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या पैशावर एमडी-पीएचडीचा जोड अभ्यासक्रम चालतो. आधी वैद्यकाची दोन वर्षं, मग पीएचडी, मग पुन्हा रुग्णालय. एकूण साधारण आठ वर्षं. फी माफ, वर जगायला विद्यावेतन. तिथेही या वर्गांत काळे विद्यार्थी लोकसंख्येच्या मानाने फार थोडे, हे विसरू नका. पण रचना तरी उभी आहे.

आपल्याकडे? आयसीएमआरच्या काही योजना आहेत, काही मोठ्या संस्थांत मोजक्या जागा आहेत. बाकी हिशोब विद्यार्थ्यानेच करायचा. एमबीबीएस इंटर्नशिपसह साडेपाच वर्षं, एक वर्ष बंधपत्रित सेवा, नीट-पीजीची तयारी, एमडी तीन वर्षं, त्यापुढे पीएचडी चार-पाच वर्षं. तोवर वय पस्तिशीला टेकतं. 2023 पासून जेआरएफ महिना 37,000 रुपये आहे. त्याच वयाचा सोबती खासगी रुग्णालयात याच्या कितीतरी पट कमावतो. ज्याच्या बापाचा बंगला आहे त्याला हे परवडतं. ज्याच्या घरी कर्जाचे हप्ते आणि बहिणीचं लग्न थांबलंय, त्याला नाही.

म्हणून आपलेच काही कार्यकर्ते म्हणतात, "संशोधन ही चैन आहे, आधी पोट." पोटाचा प्रश्न खरा आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष चुकीचा आहे. गरीब घरातल्या मुलाला परवडत नाही, याचा अर्थ त्याने ते स्वप्न सोडावं असा नाही. शासनाने तो खर्च उचलावा असा आहे. शिष्यवृत्ती भीक नाही, हे आपण मॅट्रिकोत्तरसाठी भांडलो तेव्हाच ठरलं होतं. बार्टीच्या फेलोशिपसाठी आपल्या संशोधकांना आझाद मैदानावर बसावं लागतं. ती लढाई साहित्य-समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुरती ठेवू नका. आपल्या डॉक्टरांनाही तिच्यात आणा.

दुसरा आक्षेप बाहेरून येतो: संशोधनात फक्त गुणवत्ता चालते. मग गुणवत्तेच्या या मंदिरांत काय चालतं तेही बघू. एम्समधल्या जातीय भेदभावाची चौकशी करायला सुखदेव थोरात समिती नेमावी लागली. तिचा 2007 चा अहवाल वाचा. 22 मे 2019 ला मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. ती एमडीच्या दुसऱ्या वर्षाला होती. पीएचडीत तर सगळी दोरी एका गाईडच्या हातात असते. जोड अभ्यासक्रम म्हणजे ही दोरी आणखी काही वर्षं गळ्यात. म्हणून नुसत्या जागा मागून भागणार नाही, संरक्षणही मागावं लागेल.

बाबासाहेबांकडे बघा. वकिली करून त्यांना सुखाने जगता आलं असतं. त्यांनी ग्रेज इनमधून बॅरिस्टरी केली आणि कोलंबिया व लंडनमधून अर्थशास्त्रातल्या डॉक्टरेटही घेतल्या. त्यामुळे हिल्टन यंग आयोगापुढे ते गाऱ्हाणं घेऊन गेले नाहीत, रुपयावरचं स्वतःचं संशोधन घेऊन गेले. व्यवसाय आणि ज्ञाननिर्मिती एकाच माणसात असली की काय होतं, याचं याहून मोठं उदाहरण आपल्याला कशाला हवं?

1 जुलै 2023 ला केंद्राने सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केलं. 2047 चं लक्ष्य, सात कोटी लोकांची तपासणी. रक्त आपलं जाणार. त्यावरचे प्रबंध कुणाच्या नावावर निघणार? तपासणीचं कार्ड पाहून मुलीचं लग्न मोडतं, हा संशोधनाचा विषय आहे, हे कुणाला सुचणार?

म्हणून आमच्या मागण्या:

1. राज्यातल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत एमडी-पीएचडीचा जोड अभ्यासक्रम, पूर्ण आरक्षणासह.
2. फी माफ, आणि निवासी डॉक्टरइतकं विद्यावेतन शेवटच्या वर्षापर्यंत, वेळेवर.
3. संशोधनाचा काळ बंधपत्रित सेवेत धरावा.
4. एकाऐवजी दोन गाईड, आणि तक्रार ऐकायला संस्थेबाहेरची समिती.

एमबीबीएसला असलेल्या भावा-बहिणींनो, मागण्या मान्य होईपर्यंत थांबू नका. आयसीएमआरची शॉर्ट टर्म स्टुडंटशिप तुमच्यासाठीच आहे. दोन महिन्यांचा प्रकल्प, पहिला धडा तिथे मिळतो. सीएसआयआर-नेटला एमबीबीएस चालतं, आणि अनुसूचित जाती-जमातींना 50 टक्के गुणांवर बसता येतं. हे किती जणांना माहीत आहे? सीनियरांनी ज्युनियरांना सांगा, अर्ज एकत्र बसून भरा. आणि कार्यकर्त्यांनो, पुढच्या सत्कारात त्या पोरीला शाल देताना दवाखाना कधी टाकणार एवढंच विचारू नका. कोणत्या प्रश्नावर संशोधन करणार, तेही विचारा, आणि तोवर घर चालवायला समाज काय करेल, तेही तिथेच सांगा.

जयभीम!