न मागणाऱ्याचा हक्क

कायद्याचे अज्ञान ही सबब होऊ शकत नाही, हे वचन सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु प्रजेने कायदा जाणावा, अशी राज्याची अपेक्षा असेल, तर त्याच कायद्याने प्रजेला काय देऊ केले आहे, हे तिच्या कानी घालण्याचे उत्तरदायित्वही राज्यावर येते. विनामूल्य विधी साहाय्याच्या बाबतीत हे उत्तरदायित्व कितपत पार पडते, याचा विचार गोंदिया जिल्ह्यातील सुशिक्षितांनी अवश्य करावा, असे आम्हांस वाटते.

पैशाच्या अभावी कोणाही नागरिकास न्याय नाकारला जाऊ नये, हे तत्त्व १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ३९-अ या अनुच्छेदात समाविष्ट झाले. पुढे १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. त्याच्या बाराव्या कलमाप्रमाणे स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, आपद्ग्रस्त आणि कोठडीतील बंदी यांना उत्पन्नाची अट न घालता वकील दिला जातो. इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे. प्रकरणात प्रथमदर्शनी तथ्य असावे, एवढीच अपेक्षा असते.

ही यादी आपल्या जिल्ह्याला लावून पाहावी. विड्या वळणाऱ्या स्त्रिया, राइस मिलमधील कामगार, देवरी-सालेकसा भागातील गोंड कुटुंबे, या सर्वांना तिच्यात स्थान आहे. असे असूनही, पतीच्या निधनानंतर दिराने शेतातून हुसकून लावलेली एखाद्या टोल्यावरची स्त्री आधी अर्ज लिहून देणाराला पैसे मोजते, मग मध्यस्थाला मोजते, आणि अखेरीस घरचे धान विकून वकील करते. गोंदियाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे आणि तेथे एक साधा अर्ज पुरेसा आहे, हे सांगणारा माणूस तिला वाटेत भेटतच नाही!

यावर कोणी म्हणेल, कायदा आहे, कार्यालय आहे, १५१०० हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांकही आहे. लोक मागतच नाहीत, त्याला सरकारने काय करावे? हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने केव्हाच निकालात काढला आहे. आपल्याच राज्यातून गेलेल्या होसकोट प्रकरणात १९७८ साली निर्धन बंद्याचा अपिलासाठी वकील मिळण्याचा हक्क मान्य झाला. १९८० साली खत्री प्रकरणात, आरोपीला या हक्काची जाणीव करून देणे हे दंडाधिकाऱ्याचे कर्तव्य ठरले. १९८६ साली सुकदास प्रकरणात तर, आरोपीने वकील मागितला नव्हता म्हणून त्याचा हक्क बुडत नाही, असे सांगून न्यायालयाने शिक्षाच रद्द केली. हे निर्णय फौजदारी खटल्यांतील आहेत, हे खरे. परंतु ज्याला हक्क ठाऊकच नाही, त्याच्या मौनाचा अर्थ नकार असा करू नये, हे त्यांचे सार दिवाणी तंट्यातील विधवेला का लागू होऊ नये?

फुकटच्या वकिलाचा भरवसा काय, अशीही शंका घेतली जाते. ती सर्वस्वी निराधार आहे, असे आम्ही म्हणणार नाही. नेमलेला वकील तारखेला उभा राहतो की नाही, पक्षकाराला भेटतो की नाही, यावर प्राधिकरणाची कडक देखरेख असलीच पाहिजे. तथापि साहाय्य सदोष आहे म्हणून ते अज्ञात ठेवावे, हा न्याय अजब होय. ते वापरणारे वाढतील, तेव्हाच त्यातील उणिवा चव्हाट्यावर येतील.

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीत, पोलीस ठाण्यात आणि तहसील कचेरीत ठळक फलक लावावा. आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी आठवडी बाजारात मराठीत, हिंदीत व गोंडीत तोंडी सांगावे. ९ नोव्हेंबरच्या विधी सेवा दिनी एक शिबिर उरकले की वर्षाचे कर्तव्य संपले, असे मानू नये.

पण सर्व भार सरकारवर टाकून आपणांस मोकळे होता येणार नाही. आपल्या घरी धुणीभांडी करणारी बाई, दारी पोती उतरविणारा हमाल, यांच्यावर कोर्टाचा प्रसंग ओढवला की आपण हळहळतो आणि हातावर शेपन्नास रुपये ठेवतो. त्याऐवजी त्यांना प्राधिकरणाच्या दारापर्यंत नेऊन अर्ज लिहून दिला, तर ते दान ठरणार नाही. ज्याचे त्याला पोहोचविल्यासारखे होईल.