हिशेब आणि गणित यांची फारकत

आठवडी बाजारात भाजीच्या टोपलीमागे बसलेल्या दहा-बारा वर्षांच्या मुलाकडे, 24 रुपये किलोचे बटाटे पाऊण किलो मागून पाहावेत. काटा स्थिरावण्याच्या आत तो ‘अठरा रुपये’ म्हणून मोकळा होतो. अर्ध्या किलोचे बारा, पावाचे सहा, मिळून अठरा. हेच उदाहरण 24 ला 750 ने गुणून 1000 ने भागा, अशा रूपात त्याच्या वहीत उतरले की तो गोंधळून जातो. उलटपक्षी, वहीतला गुणाकार बिनचूक करणारा त्याच वयाचा शाळकरी मुलगा त्या टोपलीपुढे उभा राहिला, तर किती पैसे द्यावयाचे हे त्याला चटकन सांगता येत नाही.

हे केवळ कल्पनाचित्र नव्हे. अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो या नोबेल पारितोषिकविजेत्या अर्थशास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह कोलकाता व दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या मुलांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष 2025 साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. बाजारातील एका-तृतीयांशाहून अधिक मुलांनी सोडविलेला व्यवहारातील एक प्रश्न शाळकरी मुलांपैकी अवघ्या एक टक्क्यास सुटला. मात्र शाळेच्या पद्धतीने मांडलेली, तितकीच किंवा त्याहून सोपी उदाहरणे बाजारातील मुलांना जमली नाहीत. म्हणजे दोन्हींकडे ज्ञान आहे. परंतु एका तीरावरचे ज्ञान दुसऱ्या तीरावर पोहोचत नाही.

या फारकतीचे मूळ आपल्याच इतिहासात काही अंशी सापडते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी ही पाठांतरे एके काळी प्रत्येक मराठी शाळेत दुमदुमत. 1957 साली दशमान नाणी आली, पुढे मेट्रिक वजनमापे आली आणि ही पाठांतरे अनावश्यक ठरून मागे पडली. त्या घोकंपट्टीत समजुतीपेक्षा धाकच अधिक होता, हे मान्य केले पाहिजे. परंतु पाठांतराबरोबर अपूर्णांकांची घरगुती ओळखही गेली. बाजाराने मात्र पाव, अर्धा, पाऊण, दीड आणि अडीच यांना निरोप दिला नाही. तो भाजीवाला मुलगा नकळत पाऊणकीच वापरीत असतो.

2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस, बावीस’च्या जोडीने ‘वीस एक, वीस दोन’ अशी रूपे आली, तेव्हा केवढे वादळ उठले! ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी उच्चारायचे आणि लिहिताना मात्र दोन आधी लिहायचे, ही लहान मुलाची अडचण खरीच होती. मंगला नारळीकर यांनी ती शांतपणे समजावून सांगितली. परंतु चर्चा भाषेच्या अस्मितेवर आणि थट्टेवर वाहून गेली. संख्या ऐकली की मुलाच्या मनात नेमके काय उमटते, हा मूळ प्रश्न बाजूलाच राहिला.

या प्रश्नाची उपेक्षा महाग पडते. ‘असर’ने 2023 साली निवडक ग्रामीण जिल्ह्यांत 14 ते 18 वर्षांच्या मुलांची जी पाहणी केली, तीत तीन अंकी संख्येस एक अंकी संख्येने भागणे सुमारे 43 टक्के मुलांनाच जमले. उद्या हीच मुले कर्जाच्या कागदावर सही करणार आहेत. दरमहा शेकडा दोन म्हणजे वर्षास शेकडा चोवीस, हे ज्याला उमगत नाही, त्याला सावकार शोधण्याची गरज पडत नाही. सावकारच त्याला शोधीत येतो. भ्रमणध्वनी आकडेमोड करील, हे खरे. पण कोणती आकडेमोड करावयाची आणि आलेले उत्तर पटण्याजोगे आहे की नाही, हे तो सांगणार नाही. शिवाय मोबाइलवरून पैसे देण्याची रीत रुजल्यापासून सुटे पैसे मोजून घेण्याचा घरचा धडाही मुलांच्या वाट्याला कमीच येतो.

मुलांनी बाजारात राबावे, असा याचा अर्थ मुळीच नव्हे. त्यांची जागा शाळेतच आहे. म्हणूनच पूल बांधण्याची जबाबदारीही शाळेचीच आहे. त्याकरिता मोठा खर्च नको. वर्गात तराजू व किराण्याची जुनी बिले यावीत. रीत लिहिण्यापूर्वी उत्तराचा अंदाज विचारला जावा. आणि मुख्य म्हणजे, मुलाने स्वतःच्या युक्तीने काढलेले बरोबर उत्तर ‘रीत चुकली’ म्हणून खोडले जाऊ नये. अर्धा आणि पाव मिळवून पाऊण करणाऱ्याला शिक्षकाने एवढेच दाखवावे, की तू केलेस त्यालाच गणितात वितरणाचा नियम म्हणतात. पालकांनीही वाणसामानाची यादी अधूनमधून मुलाच्या हाती द्यावी.

केंद्र सरकारने 2021 साली ‘निपुण भारत’ अभियान सुरू करून, तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलास पायाभूत संख्याज्ञान यावे आणि 2026-27 पर्यंत हे साध्य व्हावे, असे उद्दिष्ट ठेवले. उद्दिष्ट स्तुत्य आहे. मात्र त्याची कसोटी तपासनिसाच्या तक्त्यावर लागणार नाही. ती लागेल वाण्याच्या दुकानात, एस. टी.च्या तिकिटावर आणि कर्जाच्या कागदावर.