ट्रॉली निघण्याआधी

केळझर आणि आसपासच्या गावांतल्या शेतकरी, ट्रॅक्टर चालवणाऱ्या आणि हमाली करणाऱ्या भावांनो,

पहिला वेचा घरात आला की आपल्याकडून ट्रॉल्या निघायला लागतात. कोणी सेलूच्या जिनिंगला, कोणी सिंदी रेल्वेच्या बाजारात. कापूस सरतो तोवर कुटार असतं, मग पऱ्हाटी. समृद्धी महामार्गावर ट्रॅक्टरला बंदी आहे, त्यामुळे आपली लांबची वाहतूक नागपूर–तुळजापूर महामार्गावरूनच चालते. चतुर्थीला सिद्धिविनायकाच्या दर्शनाला येणारी माणसं याच रस्त्यावर असतात, मोटारसायकलवर लेकरं घेऊन. पूर्वी बैलबंडीवरचं ओझं सैल झालं तर वाटेत थोडा कापूस सांडायचा, तो वेचून घेता यायचा. आज ट्रॉलीवरून एक पोतं घसरलं तर ते मागच्या मोटारसायकलपुढे पडतं. ओझं बांधताना त्या मागच्या माणसाचा विचार करा, एवढंच मागायला हे लिहितो आहे.

सुरुवात हुकापासून करू. पिन टाकली की ट्रॉली जोडली, असं आपण धरून चालतो. पण खड्ड्यात आदळलेली ट्रॉली पिनला वर उसळवते, म्हणून पिनेच्या खालच्या छिद्रात लॉक हवंच. पिन हरवली म्हणून सळईचा तुकडा घालायची सवय आजपासून सोडा. सळई बारीक असते, छिद्रात खेळते, झिजते आणि नेमकी चढावर दगा देते. पिनेच्या जोडीला ट्रॉलीच्या दांड्यापासून ट्रॅक्टरच्या चासीपर्यंत साखळी लावा. परदेशात गाडीमागे ट्रेलर जोडून होडी नेणारे लोक अशा दोन साखळ्या दांड्याखाली एकमेकींना छेद देऊन लावतात. हुक सुटलाच तर दांडा रस्त्यात रुतत नाही, साखळ्यांवर झेलला जातो. वळताना अडणार नाही एवढीच ढील ठेवायची, जमिनीला घासेल एवढी नाही.

माल कुठे किती ठेवायचा, यावर ट्रॉलीची चाल ठरते. दोन चाकी ट्रॉलीत मागे जास्त भरलं तर दांडा वर उचलतो, ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी पडतात आणि ट्रॉली डावी-उजवी डुलायला लागते. सगळं पुढे लोटलं तर ट्रॅक्टरचं तोंड उचलतं, स्टेअरिंग ऐकत नाही. वजन आखावर ठेवा, किंचित पुढे झुकतं. जड पोती तळाला, आणि समोरच्या फाळक्याला माल टेकलेला असू द्या, मधे फट नको. आपल्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. ट्रॅक्टर थांबतो, ट्रॉली मागून ढकलतच राहते. युरोपातल्या मालवाहतुकीच्या मानकात हिशोब असा आहे की बांधणीने आणि फाळक्याने मिळून पुढच्या दिशेला मालाच्या वजनाच्या ८० टक्के, तर बाजूला आणि मागे ५० टक्के जोर पेलला पाहिजे. ३० क्विंटलच्या ओझ्याला हा पुढचा जोर २४ क्विंटल होतो. एका जुन्या दोराच्या भरवशावर तो कसा थांबेल?

कापसाचा स्वभाव वेगळा. कितीही तुडवून भरला तरी दोन-तीन किलोमीटरच्या धक्क्यांनी तो खाली बसतो आणि गावात ताणून बांधलेला नाडा महामार्गाला लागेपर्यंत ढिला होतो. म्हणून महामार्गावर चढण्याआधी थांबा, उतरा, सगळे नाडे पुन्हा ओढा. आडवे तीन आणि पुढून मागे एक तरी हवा. लोखंडी काठावर दोर घासतो तिथे पोत्याची घडी घाला. उन्हाने विटलेला, तंतू सुटलेला नायलॉनचा दोर ओझ्याला वापरू नका. आणि वरून ताडपत्री टाकली म्हणजे ओझं बांधलं, असं समजू नका.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती भरलेल्या ट्रॉलीवर बसणाऱ्या माणसांची. वेचणाऱ्या बाया, हमाल, कधी शाळेतून परतणारी पोरं. वर धरायला काही नसतं, आणि ओझं कलंडलं तर माणूस त्याच्या खाली जातो. मजुरांना नेण्या-आणण्यासाठी ऑटो लागत असेल तर तो खर्च मालकाने उचलावा. मडगार्डवर मुलाला बसवू नका, तो कितीही हट्ट करो.

रस्त्यावर दोन्ही ब्रेक पेडल एकमेकांना जोडूनच चालवा. एकच दाबलं गेलं तर ट्रॅक्टर एका अंगाला ओढला जातो. उतारावर न्यूट्रल करू नका. अंधार पडायच्या आत पोचता आलं तर उत्तमच. नाही तर मागे लाल, बाजूंना पिवळी आणि पुढे पांढरी चमकती पट्टी लावा, आणि लोंबणाऱ्या पऱ्हाटीने मागचे दिवे झाकले नाहीत ना, हे मागे जाऊन बघा. ठरलेल्या मर्यादेबाहेर माल काढला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात २०,००० रुपये दंड आहे, शिवाय माल उतरवण्याचा खर्च आपलाच.

बाजारात माल उतरला की आपण निर्धास्त होतो. पण रिकामी ट्रॉली भरलेल्या ट्रॉलीपेक्षा जास्त उसळते, आणि पिन तेव्हाच निसटायला बघते. परतीला निघतानाही खाली वाकून लॉक बघा, साखळी अडकवा, मगच गिअर टाका.